महिला उद्योजकता आणि शासकीय साहाय्य : प्रारंभ व सातत्य

प्रस्तावना :
महिलांच्या आर्थिक विकासाचा विचार आपल्याकडे दीर्घकाळ बचत आणि पूरक उत्पन्न यांच्या चौकटीत झाला. महाराष्ट्रात १९७५ मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम हाती घेतला. त्यामुळे महिलांची पत निर्माण झाली. परंतु गटाची सभासद ते स्वतंत्र उद्योजिका हा पुढील टप्पा आजही कठीण आहे. या टप्प्यावर मिळणाऱ्या शासकीय साहाय्याचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अनुदानाचे स्वरूप :
२००८ मध्ये सुरू झालेला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम हे याचे ठळक उदाहरण होय. या योजनेत महिलांचा समावेश विशेष प्रवर्गात होतो. त्यामुळे स्वतःची गुंतवणूक १० ऐवजी ५ टक्के, तर अनुदान ग्रामीण भागात ३५ व शहरी भागात २५ टक्के असते. ग्रामीण महिलेचा प्रकल्प १० लाख रुपयांचा असल्यास तिने ५० हजार रुपये उभे करावयाचे असतात, उर्वरित ९.५० लाख रुपये बँक कर्जरूपाने देते. अनुदानाचे ३.५० लाख रुपये मात्र तिच्या हाती येत नाहीत. ती रक्कम ३ वर्षे बँकेत मुदत ठेव म्हणून राहते आणि उद्योगाची प्रत्यक्ष पडताळणी झाल्यावर कर्जखात्यात समायोजित होते. तेवढ्या रकमेवर कर्जाचे व्याज आकारले जात नाही. अर्थात, हे अनुदान उद्योग सुरू करण्याचे नव्हे, तर तो टिकविण्याचे फळ आहे.

सातत्याची समस्या :
प्रकल्पखर्चात खेळत्या भांडवलाचे एकच आवर्तन गृहीत धरलेले असते. मसाले वा तयार कपडे उधारीवर दिले आणि पैसे दोन महिने अडकले, तर पुढील कच्च्या मालासाठी रक्कम उरत नाही. हप्ता मात्र थांबत नाही. जमीन व घर बहुधा पतीच्या किंवा सासऱ्यांच्या नावे असल्याने नवे कर्ज घेण्यासाठी तारणही नसते.

या अडचणीवर कायद्यात उपाय आहेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघुउद्योगांचे देयक, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे लागते. २०१८ पासून केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांच्या वार्षिक खरेदीपैकी ३ टक्के खरेदी महिलांच्या सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करण्याची तरतूद आहे. तथापि, या दोन्ही तरतुदींसाठी उद्योगाची नोंदणी आणि पक्की बिले आवश्यक ठरतात. घरगुती स्वरूपाच्या अनेक उद्योगांकडे नेमक्या याच गोष्टी नसतात.

निष्कर्ष :
योजनांचे यश मंजूर प्रकरणांच्या संख्येवरून नव्हे, तर ३ वर्षांनंतर चालू असलेल्या उद्योगांवरून मोजले जावे. नोंदणी, हिशेबलेखन आणि देयकवसुली यांचे मार्गदर्शन कर्जमंजुरीइतकेच महत्त्वाचे आहे. महाविद्यालयांच्या वाणिज्य विभागांना विस्तारकार्याद्वारे ही उणीव काही प्रमाणात भरून काढता येईल. उद्योग बंद पडल्यास कर्ज महिलेच्याच नावे राहते, हे लक्षात घेता सातत्यासाठीचे साहाय्य दुय्यम मानता येणार नाही.