ताप, गोमाशी आणि एक प्रथिन

होस्टेलवर कोणाला ताप आला की आपलं निदान तयारच असतं - मलेरिया, नाहीतर टायफॉइड! पण रक्ताच्या काचपट्टीवर कधी कधी तिसरंच काहीतरी दिसतं. मी विदर्भातला, त्यामुळे ही हकीकत मला जास्तच जवळची वाटते.

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ताप यायचा, उतरायचा, परत यायचा. असं जवळजवळ पाच महिने चाललं. त्याच्या रक्तात मलेरियाचे नव्हे, तर शेपटीवाले, वळवळणारे एकपेशीय परजीवी सापडले. नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. हा तर जनावरांचा जंतू! गुरं, घोडे, उंट यांना त्याच्यामुळे 'सर्रा' हा रोग होतो. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स यांनी पंजाबात तो शोधला. माणसात तो पक्क्या पुराव्यानिशी सापडल्याची जगातली ही पहिलीच केस ठरली.

या जंतूचे भाऊबंद माणसाला नवे नाहीत. आफ्रिकेत त्सेत्से माशी चावली की 'निद्रारोग' होतो. जंतू मेंदूत शिरले की रोगी दिवसा झोपतो आणि रात्री जागतो. उपचार न मिळाल्यास तो बहुधा दगावतोच. दक्षिण अमेरिकेत एक रक्तपिपासू ढेकूण आपल्या विष्ठेतून दुसरा भाऊ पसरवतो. तो चागास रोग. कार्लोस चागास यांनी १९०९ मध्ये तो शोधला. वर्षानुवर्षं गुपचूप राहून तो हृदय निकामी करतो.

आपल्याकडे त्सेत्से माशी नाही. मग सर्रा पसरतो कसा? गोमाशी एका जनावराचं रक्त पिते आणि तोंड ओलं असतानाच दुसऱ्याला चावते. एकच सुई दोघांना टोचण्यासारखंच हे!

आता ताप येतो-जातो का, ते बघू. या जंतूच्या अंगावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचा दाट कोट असतो. आपलं शरीर तो कोट ओळखून हल्ला करतं, बहुतेक जंतू मरतात, ताप उतरतो. पण तोवर थोड्यांनी कोट बदललेला असतो! ते वाढतात आणि ताप परत येतो. असे शेकडो कोट त्यांच्या जनुकांत साठवलेले असतात. म्हणून निद्रारोगावर अजून लस नाही.

मग गोठ्यात राबणाऱ्या सगळ्यांनाच सर्रा का होत नाही? कारण आपल्या रक्तात एपीओएल-१ नावाचं प्रथिन असतं. ते जंतूच्या आत शिरून पडद्यांना भोकं पाडतं, जंतू फुगतो आणि फुटतो. आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या जंतूंनी यावर तोड शोधली आहे, इव्हान्सीने नाही. या शेतकऱ्याच्या बाबतीत मात्र आईवडिलांकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या, म्हणजे हे प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतंच! २००६ मध्ये हे जाहीर झालं. त्याच्या गावातल्या १८०६ लोकांची तपासणी झाली. काहींच्या रक्तात जंतूशी संपर्क आल्याच्या खुणा दिसल्या, पण जिवंत जंतू कोणातच सापडला नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण २०१५ मध्ये व्हिएतनाममधल्या एका बाईला हाच रोग झाला आणि तिचं एपीओएल-१ अगदी ठीक होतं! म्हणजे कुंपण भक्कम आहे, पण अभेद्य नाही.

आपला शेतकरी सुरामिन या जुन्या औषधाने बरा झाला. जंतू मेंदूपर्यंत पोचले नव्हते, हे त्याचं नशीब. पण त्याला वाचवलं ते आधी सूक्ष्मदर्शकाने. कोणीतरी काचपट्टी नीट पाहिली!

मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी गोठा आहे. हाताला जखम असेल तर जनावराचं रक्त लागू देऊ नका, गोठ्यातल्या माशा कमी करा, गुरं वारंवार तापत असतील तर पशुवैद्याला दाखवा. आणि घरात कोणाचा ताप हटत नसेल तर डॉक्टरांना 'आमच्याकडे गुरं आहेत' एवढं नक्की सांगा. या एका वाक्याने तपासाची दिशा बदलू शकते.