जटायूच्या पंगतीतली शेळी

संपादकांना गिधाडांची पिलं हवी होती, फोटोंसकट. पण हरियाणातल्या पिंजोरच्या जटायू प्रजनन केंद्रात पिंजऱ्यांजवळ कुणाला फिरकू देत नाहीत. पक्षी पाहायचे ते सीसीटीव्हीच्या पडद्यावर. मग माझं लक्ष गेलं त्यांच्या खाण्यासाठी आणलेल्या शेळ्यांकडे.

हरियाणा वनविभाग आणि आपल्या मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) यांनी 2001 साली इथे आजारी गिधाडांवर उपचार सुरू केले, तेव्हा ती माना टाकून का मरतात हेच ठाऊक नव्हतं. उत्तर 2004 मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून आलं: डायक्लोफिनॅक. हे वेदनाशामक टोचलेलं जनावर लगेच मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. शवविच्छेदनात आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा खडूसारखा थर दिसतो. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक एवढीच उरली.

म्हणून इथे शेळी आणली की लगेच कापत नाहीत. काही दिवस नुसती सांभाळतात. आधीच्या मालकाने काही टोचलं असेल, तर ते अंगातून निघून जावं. मढं खाणाऱ्या पक्ष्यासाठी इतकं सोवळं! पण सगळा प्रकल्प या गोठ्यावरच उभा आहे, असं मला तरी वाटलं.

अंड्यांची युक्तीही नामी. मादी वर्षाला एकच अंडं घालते, आणि वयात यायला तिला पाचेक वर्षं लागतात. पहिलं अंडं वेळीच उचलून उबवणी यंत्रात ठेवलं, तर काही जोड्या दुसरं घालतात.

पिलं वाढवणं जमलं. पण बाहेरचं मढं विषारी असू शकतं, म्हणून सोडायची कुठे, हा खरा घोर. 2020 मध्ये इथून आठ गिधाडं उपग्रह ट्रान्समीटर लावून सोडली. 2024 मध्ये लांब चोचीची आपल्या पेंच व्याघ्रप्रकल्पात. ट्रान्समीटर एकाच जागी थबकला, की जीव टांगणीला.

गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर 2006 मध्येच बंदी आली. तरी माणसांसाठीची 30 मिलीची बाटली गोठ्यात जातच राहिली. ती 3 मिलीवर आणायला 2015 उजाडलं. एसिक्लोफिनॅक गाईच्या अंगात गेल्यावर डायक्लोफिनॅकच बनतं, त्याच्यावरची बंदी आली 2023 मध्ये. शंभरात एकाहून कमी मढ्यांत हे विष असलं, तरी एवढा संहार घडू शकतो, असं संशोधकांचं गणित सांगतं. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही आणि बाजारात मिळतं. पण गाय तापाने फणफणली असताना माणूस हाताशी असेल तीच बाटली उघडतो.