'मारे' आणि 'मारून रायला होता' : स्वसंरक्षणाच्या वादातील क्रियापदे

नागपूर येथील जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत १३ ऑगस्ट २००४ रोजी, सुनावणीसाठी आणलेल्या अक्कू यादव नावाच्या गुंडास जमावाने ठार मारले. जमावात कस्तुरबा नगर या वस्तीतील स्त्रियांचा मोठा भरणा होता. या इसमाने वस्तीवर कित्येक वर्षे दहशत बसविली होती. बलात्कार, खंडणी व खून असे आरोप त्याच्यावर होते. आणि पोलिसांकडे तक्रार करून काही निष्पन्न होत नाही, असा तेथील रहिवाशांचा अनुभव होता. घटनेनंतर काही स्त्रियांना अटक झाली तेव्हा 'आम्हां सर्वांनाच अटक करा' अशी भूमिका वस्तीतील इतर स्त्रियांनी घेतली. पुढे २०१४ साली नागपूरच्या सत्र न्यायालयाने या खटल्यातील आरोपींची पुराव्याअभावी मुक्तता केली. या साऱ्या काळात, आणि त्यानंतरही, या प्रकरणासंबंधी जे लिहिले व बोलले गेले त्यात 'स्वसंरक्षण' हा शब्द वारंवार येतो. स्त्रियांनी केले ते स्वसंरक्षणच होय, असे एक पक्ष म्हणतो. पोलिसांच्या ताब्यातील माणसाला मारणे यास स्वसंरक्षण म्हणणे हा शब्दाचा विपर्यास आहे, असे दुसरा म्हणतो.

हा वाद नीतीचा आहे, कायद्याचा आहे, हे उघडच आहे. परंतु तो काही अंशी क्रियापदाच्या रूपांचाही आहे, आणि त्या अंशाकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. लेखकाचे बालपण बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, खामगाव-शेगावच्या पट्ट्यात गेले. त्या भागातील वऱ्हाडी बोलीत या वादाचे मर्म प्रमाण मराठीपेक्षा अधिक स्पष्टपणे मांडता येते.

आधी निकालाच्या भाषेविषयी थोडे. आपली वृत्तपत्रे अशा निकालाची बातमी 'पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता' अशा ठरीव शब्दांत देतात. 'निर्दोष' हे विशेषण माणसाच्या कृतीविषयी बोलते. 'पुराव्याअभावी' हे अव्यय मात्र कृतीविषयी काहीच बोलत नाही, ते न्यायालयापुढे आलेल्या सामग्रीविषयी बोलते. दोन्ही एकत्र बांधली की वाचकाची दिशाभूल होते. एका वाचकास वाटते, न्यायालयाने त्या स्त्रियांचे कृत्य योग्य ठरविले. दुसऱ्यास वाटते, न्यायालयाने खुनाला मुभा दिली. वस्तुतः ते कृत्य स्वसंरक्षण होते की नव्हते, या प्रश्नाचे उत्तर पुराव्याअभावी झालेल्या मुक्ततेतून निघतच नाही. कोणी काय केले हेच सिद्ध झाले नाही, तेव्हा ते का केले या प्रश्नापर्यंत जाण्याचे कारण उरत नाही. निकालावर तावातावाने बोलणारे दोन्ही पक्ष, अशा रीतीने, निकालात नसलेल्याच गोष्टीवर भांडत राहिले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतीय दंड संहितेची ९६ ते १०६ ही कलमे या हक्कासंबंधी होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद ३४ ते ४४ या कलमांत आली आहे. कायद्याच्या मराठी पुस्तकांत या हक्काला 'खाजगी बचावाचा हक्क' अशा धर्तीचे नाव दिलेले आढळते, आणि ते 'स्वसंरक्षण' या शब्दापेक्षा अधिक नेमके आहे. कारण 'स्व' या पूर्वपदामुळे हा हक्क केवळ स्वतःच्या देहापुरता असल्याचा भास होतो. कायद्याने तो दुसऱ्याच्या देहासाठी, तसेच स्वतःच्या व दुसऱ्याच्या मालमत्तेसाठीही दिला आहे. शेजारणीवर हात टाकणाऱ्यास अडविणारी स्त्रीही या हक्काच्या कक्षेत येते.

परंतु हक्काचे खरे मोजमाप आहे ते काळाचे. देहाच्या बचावाचा हक्क केव्हा सुरू होतो व कोठवर टिकतो, हे पूर्वीच्या १०२ व आताच्या ४० व्या कलमात सांगितले आहे. गुन्ह्याच्या प्रयत्नामुळे वा धमकीमुळे धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच हक्क सुरू होतो, प्रत्यक्ष गुन्हा घडलेला नसला तरी. आणि ती भीती कायम असेतोवर तो टिकतो. याला दुसऱ्या कलमाने मर्यादा घातली आहे : सरकारी अधिकाऱ्यांकडे धाव घेण्यास अवसर असेल तर हा हक्क नाही. म्हणजे कायदा साक्षीदाराला प्रथम 'तो दुष्ट होता काय' असे विचारीत नाही. त्या क्षणी काय चालले होते, असे तो विचारतो. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर कायद्याला हवा आहे अपूर्ण भूतकाळ, आणि पीडित माणसाजवळ सांगण्यासारखा असतो तो बहुधा रीतिभूतकाळ.

येथे वऱ्हाडीचे महत्त्व लक्षात येते. घाटाखालच्या गावात एखादी बाई 'तो मले मारे' असे म्हणते तेव्हा ती नवऱ्याची वा दिराची सवय सांगत असते. हा रीतिभूतकाळ होय. 'तो मले मारून रायला होता' असे ती म्हणते तेव्हा मार चालू असल्याचा क्षण ती सांगते. 'त्यानं मले मारलं होतं' म्हणजे घटना संपून गेली. ही तीन रूपे बोलणाऱ्याच्या तोंडी सहसा एकमेकांच्या जागी येत नाहीत. (घाटावर देऊळगावराजा, सिंदखेडराजाकडे बोली मराठवाड्याच्या वळणावर जाते आणि हा भेद तितका काटेकोर राहत नाही, हे सांगितले पाहिजे. '-ऊन रायला' या रचनेचे हिंदीतील 'रहा था' शी असलेले साम्यही कोणाच्या नजरेतून सुटणार नाही; पण तो स्वतंत्र विषय आहे.)

प्रमाण मराठीत 'मारीत असे' आणि 'मारीत होता' असा भेद आहेच. परंतु कचेरीतील लेखी मराठीने तो जवळजवळ पुसून टाकला आहे. तेथे 'मारहाण करीत होता' या एकाच रूपाने दोन्ही कामे भागविली जातात. 'आरोपी दारू पिऊन मला मारहाण करीत होता' या वाक्यात दारू व मारहाण रोजची की त्या रात्रीची, हे वाक्य सांगू शकत नाही. वऱ्हाडीत मात्र बोलणाऱ्या बाईने ते सांगितलेले असते. जबानी लिहून घेताना ते हरवते.

समजा, एका स्त्रीने दिराच्या डोक्यात पाटा घातला आणि तो दगावला. तिने सांगितले : 'तो मले मारे. त्या दिशी बी मारून रायला होता. मंग म्या पाटा उचलला.' कागदावर उतरते : 'मयत मला मारहाण करीत होता, म्हणून मी पाटा मारला.' पहिल्या कथनात सवय, चालू असलेला हल्ला व प्रतिकार असे तीन टप्पे आहेत, आणि बचावाचा हक्क मधल्या टप्प्यावर उभा आहे. दुसऱ्यात मधला टप्पा पहिल्यात विरघळला आहे, आणि 'म्हणून' या अव्ययाने सूडाचा वास आणला आहे. वकील तो टप्पा उलटतपासणीत परत काढू शकेल. पण तो परत काढावा लागतो, ही गोष्ट लहान नव्हे. साक्षी-पुरावा सर्वसाधारणपणे सलग निवेदनाच्या रूपात नोंदवावा, अशी फौजदारी प्रक्रियेची जुनी रीत आहे. प्रश्नोत्तरे जशीच्या तशी लिहिणे न्यायाधीशाच्या इच्छेवर आहे. निवेदनात प्रश्न गाळले जातात, आणि प्रश्नाबरोबर ज्या काळाविषयी प्रश्न विचारला तो काळही गळतो.

काळाचा हा हिशेब न्यायालय किती बारकाईने करते, याचे मुंबईतील नानावटी खटला हे सर्वपरिचित उदाहरण आहे. नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा यास त्याच्या घरी जाऊन गोळ्या घातल्या. त्या वेळी मुंबई व बुलढाणा दोन्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात होती; सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २४ नोव्हेंबर १९६१ रोजी लागला तेव्हा प्रतिवादी राज्याचे नाव महाराष्ट्र झाले होते. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निरपराध ठरविले. सत्र न्यायाधीश मेहता यांना तो कौल मान्य झाला नाही व त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने ज्यूरीस कायदा समजावून सांगण्यात झालेल्या चुका दाखवून जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आणि १९६४ साली राज्यपालांनी क्षमा केली. (हा भारतातील शेवटचा ज्यूरी-खटला, असे पुष्कळदा सांगितले जाते, ते खरे नाही.)

करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली, आणि घराण्याच्या अब्रूचे रक्षण करणारा वीर म्हणून त्यांची प्रतिमा लोकांत उभी राहिली. न्यायालयातील त्यांचा बचाव मात्र वेगळाच होता. आहुजाने रिव्हॉल्व्हर असलेल्या पाकिटाकडे झेप घेतली, झटापट झाली व तीत गोळ्या सुटल्या, म्हणजे तो अपघात होता, असे त्यांचे म्हणणे. आणि तो अपघात नव्हता असे ठरले तरी गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळे कृत्य घडले, असा पर्यायी मुद्दा. लोकांच्या तोंडी असलेला 'रक्षण' हा शब्द न्यायालयातील युक्तिवादात त्या अर्थाने नव्हताच. नागपूरच्या प्रकरणातही बाहेरचा शब्द व आतले कारण यांत हीच तफावत दिसते.

प्रक्षोभाच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने घड्याळ पुढे ठेवले. नानावटी घरून निघाले ते दुपारी दीडच्या सुमारास. हत्या झाली ४ वाजून २० मिनिटांनी. मधल्या काळात त्यांनी पत्नीला व मुलांना चित्रपटगृहाशी सोडले होते आणि जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर व काडतुसे घेतली होती. राग शांत होण्यास इतका वेळ पुरेसा होता, असे न्यायालयाने म्हटले. भाषेच्या अभ्यासकाने या निकालातील दोन विधाने विशेष लक्षात ठेवावीत. एक, भारतात काही परिस्थितीत केवळ शब्द व हावभाव यांनीही असा प्रक्षोभ होऊ शकतो. दुसरे, मृताच्या पूर्वीच्या कृत्यांनी तयार झालेली मनोभूमी विचारात घेता येते, मात्र प्राणघातक प्रहार त्या क्षणीच्या विकारातून आलेला असला पाहिजे. म्हणजे 'मारे' ला पार्श्वभूमीची जागा आहे. निर्णय 'मारून रायला होता' वर आहे. बचावाच्या हक्कासही हेच लागू पडते. हल्लेखोराचा पूर्वेतिहास भीती वाजवी होती हे दाखविण्यास उपयोगी पडतो, पण चालू धोक्याची जागा तो घेऊ शकत नाही.

इंग्लंडमध्ये या रेषेला धक्का बसला आहे. वर्षानुवर्षे मार सोसलेल्या किरणजीत अहलुवालिया यांनी पतीला जाळल्याच्या प्रकरणात तेथील अपील न्यायालयाने १९९२ साली खुनाची शिक्षा रद्द केली, तीही मनःस्थितीविषयक निराळ्या कारणावर. पुढे २००९ च्या कायद्याने प्रक्षोभाचा जुना बचाव काढून त्याऐवजी आलेल्या बचावात आत्मसंयमाचा भंग 'आकस्मिक' असण्याची अट ठेवली नाही. आपल्याकडे नव्या संहितेतही 'गंभीर व आकस्मिक' ही जोडी कायम आहे.

आता नागपूरकडे परत येऊ. वऱ्हाडी रूपाविषयी वर जे सांगितले त्यात एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. '-ऊन रायला होता' या रूपापुढे कालवाचक शब्द आला की त्याचा अर्थ पसरतो. 'दोन सालापासून तरास देऊन रायला होता' या वाक्यात क्षण नाही, आणि संपलेली सवयही नाही. बोलण्याच्या संदर्भक्षणापर्यंत न तुटता चाललेली क्रिया आहे. कस्तुरबा नगरच्या स्त्रियांच्या बाजूने जे बोलले गेले त्याचा गाभा नेमका हा आहे. तो सुटेल, परत येईल, आणि कालचे उद्या पुढे चालेल, असे त्यांना वाटत होते. त्यांच्या दृष्टीने १३ ऑगस्टला धोका थांबलेला नव्हता, मधे पोलीस उभे होते इतकेच. कायद्याचे उत्तर असे की, मधे पोलीस उभे असणे यालाच अधिकाऱ्यांकडे धाव घेण्याचा अवसर म्हणतात. लेखकाच्या मते आजच्या कायद्याखाली हे उत्तर बरोबर आहे, आणि त्या दिवसाचे कृत्य बचावाच्या हक्कात बसत नाही. परंतु ज्या स्त्रियांची धाव पूर्वी वारंवार वाया गेली त्यांनी 'स्वसंरक्षण' हा शब्द अज्ञानाने वापरला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या क्रियापदात चालू धोका होता. कायद्याचे क्रियापद त्याहून आखूड आहे.

पदव्युत्तर अभ्यासकांसाठी या क्षेत्रात पुष्कळ काम पडून आहे. कायदा 'प्रयत्न' आणि 'धमकी' या दोन्हींना हक्काचा आरंभ मानतो. मग 'मारायले धावला', 'मारू लागला', 'मारू पाहे', 'अंगावर येऊन रायला होता' या वऱ्हाडी प्रयोगांपैकी प्रहार झाल्याचे कोणता सांगतो, होऊ घातल्याचे कोणता, आणि नुसता धाक कोणता? मोताळा, नांदुरा, संग्रामपूर या तालुक्यांतील वृद्ध स्त्रियांचे बोलणे मुद्रित करून हे तपासता येईल. तोवर निदान जबानी घेणाऱ्याने साक्षीदाराचे मूळ क्रियापद अवतरणचिन्हांत ठेवावे आणि त्यापुढे 'तेव्हा की नेहमी' असे एकदा विचारून त्याचे उत्तरही लिहून घ्यावे.