पीकविम्याचा बीड नमुना

पीक बुडालें असतां सरकारनें हात द्यावा, ही मागणी आमच्या कोरडवाहू मुलखांत फार जुनी आहे. तगाई व साऱ्याची सूट हे तिचे पूर्वीचे प्रकार. विम्याच्या हप्त्यांत सरकारनें घातलेला पैसा हा आजचा प्रकार होय. या प्रकाराच्या एका पद्धतीस बीड जिल्ह्याचें नांव पडलें आहे. म्हणून तिचें मर्म सभासद बंधूंनीं जाणून घेणें अगत्याचें आहे.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ सालीं सुरू झाली. विमा-रकमेच्या शेंकडा २ खरिपास, दीड रब्बीस व ५ कापसासारख्या नगदी पिकांस, एवढा हप्ता शेतकऱ्याचा, बाकीचा सरकारचा. परंतु बीडसारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यांत बुडीत फार, म्हणून विमा कंपन्या पुढें येईनात. तेव्हां २०२० च्या खरिपांत सरकारी भारतीय कृषि विमा कंपनीनें हें काम नव्या अटीवर पत्करलें.

ती अट अशी : एकूण हप्ता १०० रुपये धरला व भरपाई १५० रुपये निघाली, तर कंपनीनें ११० द्यावे आणि वरचे ४० राज्य सरकारनें सोसावे. उलट भरपाई ३० रुपयेच निघाली, तर कंपनीनें २० स्वतःस ठेवून उरलेले ५० सरकारास परत करावे. २०२२ सालीं हीच पद्धति सर्व महाराष्ट्रांत लागू झाली.

या तजविजीनें कंपनीचा तोटा व नफा या दोहोंसही मर्यादा पडली, हें चांगलेंच झालें. तथापि एक गोष्ट विसरतां कामा नये. उरलेला पैसा सरकारी तिजोरींत जातो, शेतकऱ्याच्या पदरांत नव्हे. नुकसान कमी मोजलें गेलें, तर ही पद्धति त्यास कांहींच देत नाहीं. सारा प्रश्न मोजणीचा आहे.

२०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्यास एका रुपयांत विमा मिळूं लागला. पुढें पेरा नसलेल्या व दुसऱ्याच्या जमिनींवरही अर्ज भरल्याचें उघडकीस आलें, आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद होऊन पूर्वीचा हप्ता पुन्हा लागू झाला. लबाडी थोड्यांनीं केली. भुर्दंड प्रामाणिक कुणब्यावर पडला. त्याच वेळीं भरपाई पीक-कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठरविण्याचें धोरण आलें.

या प्रयोगाचा हिशेब सोपा आहे. मंडळाचें उंबरठा उत्पन्न हेक्टरीं १० क्विंटल व प्रत्यक्ष उतारा ६ क्विंटल भरला, तर तूट शेंकडा ४०. विमा-रक्कम ५०,००० रुपये असल्यास भरपाई २०,००० रुपये. तोच उतारा ८ क्विंटल लिहिला गेला, तर भरपाई निम्म्यावर येते. आणि ती एका शेताची नव्हे, मंडळांतील त्या पिकाच्या सर्व विमेदारांची.

यास्तव आमची सूचना अशी कीं, ई-पीक पाहणींत पेरा खरा व वेळेवर नोंदवावा. गांवांत कापणीचा प्रयोग कोणत्या दिवशीं व कोणाच्या शेतांत आहे, हें आधीं विचारून जाणत्या चार जणांनीं तेथें हजर राहावें. आंखणी, मळणी व वजन डोळ्यांनीं पाहावें आणि आंकडे टिपून ठेवावे. सरकारनेंही प्रत्येक प्रयोगाचा उतारा चावडीवर लावावा. हप्ता आतां आपल्या गांठचा जातो. तराजूजवळ उभें राहण्याचा हक्क आपण सोडूं नये.