डब्यातला विस्तव

थंडी पडली, की बांधकामाच्या आवारात, रात्रपाळीच्या राखणदारापाशी पत्र्याचा डबा पेटलेला दिसतो. बहुधा तो पंधरा किलोचा तेलाचा डबा असतो. त्याचं झाकण कापून काढलेलं असतं आणि बुडाशी भोकं पाडलेली असतात. जमिनीवरची शेकोटी वाऱ्याच्या मर्जीवर जळते, डब्यातली मात्र आवरात राहते.

सारी करामत त्या भोकांची. तापलेली हवा वर जाते, तिच्या जागी खालून ताजी हवा शिरते. खाली वाटच नसेल तर नुसता धूर होतो. म्हणून तळापासून दोन बोटं वर, चारी बाजूंनी भोकं पाडायची. त्यांच्या थोडं वर लोखंडी सळ्या आडव्या घालायच्या, म्हणजे राख खाली पडते आणि हवेची वाट बुजत नाही. आतून चिकणमाती आणि भुसकट कालवून जाडसर लेप दिला, की पातळ पत्रा लवकर जळत नाही आणि ऊबही टिकते. लेप पुरता वाळू द्यावा. डबा विटांवर ठेवावा, नाहीतर फरशी तडकते.

गॅस घरोघरी पोचण्यापूर्वी याच डब्याची भुशाची शेगडी होत असे. बुडाजवळ एका बाजूला मोठं भोक. त्यातून एक गोल दांडकं आडवं घालायचं, मधोमध बाटली उभी धरायची आणि भोवती वखारीतला लाकडाचा भुसा ठासून भरायचा. मग बाटली आणि दांडकं हलक्या हातानं फिरवत काढून घ्यायचं. खालून आत जाऊन वर निघणारं बोगद्यासारखं भुयार तयार! खाली काडी लावली की भुसा आतून बाहेर असा जळत जातो, तासन्‌तास. सैल भरला तर मात्र ढासळतो आणि शेगडी विझते. ठासण्यातच खरं कसब होतं.

डबा निवडताना खाण्याच्या वस्तूंचाच घ्यावा. रंग, थिनर, कीटकनाशक यांचे डबे नकोत. कसलं होतं ते ठाऊक नसलेलं बंद पिंप तर कापायलाही घेऊ नये. आत साचलेली वाफ ठिणगीनं भडकते. जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही नको. मुलामा फार तापला, की त्याच्या धुरानं काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. आम्हा कवींना निखाऱ्यांचं फार कौतुक, पण धूर संपून लालबुंद झालेले निखारेच जास्त फसवे. त्यांतून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. ‘आता धूर नाही, घ्या आत’ म्हणून डबा खोलीत आणून, दारं-खिडक्या लावून निजलेली माणसं दर हिवाळ्यात दगावतात. तेव्हा डबा उघड्यावरच राहू द्यावा. निजण्यापूर्वी पाणी शिंपडून राख ढवळावी, पुन्हा शिंपडावं. खाली निखारा तग धरून असतो.

शेगडीजवळ बसलेल्याचं डोकं जड झालं, मळमळलं, झापड आली, तर जेवण बाधलं असं समजू नये. त्याला आधी मोकळ्या हवेत न्यावं आणि तिथून थेट दवाखान्यात, थोडं बरं वाटू लागलं तरीही.