दूरच्या मशीनवर हरवलेला बाण

रिमोट डेस्कटॉपवर माउसचा बाण दिसेनासा झाला की पहिली धाव आपल्या टेबलावरच्या संगणकाच्या सेटिंग्जकडे जाते. तिथे बाण मोठा होतो, पण दूरच्या मशीनच्या विंडोत शिरला की पुन्हा पहिल्यासारखा बारीक. सेटिंग बरोबर असतं, मशीन चुकलेलं असतं.

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये स्क्रीनचं चित्र आणि बाणाचा आकार सहसा वेगवेगळे येतात. दूरचं मशीन फक्त कळवतं: आता बाण, आता हात, आता मजकुरातली उभी रेघ. तो आकार रंगवतो तुमचाच संगणक. म्हणून इंटरनेट रेंगाळलं तरी बाण चटकन हलतो आणि मागची विंडो मात्र सावकाश सरकते. पण आकार कोणता, हे तिकडे ठरतं. तेव्हा आधी जोडणी करा आणि तिकडच्या विंडोज ११ वर ‘सेटिंग्ज’, ‘ॲक्सेसिबिलिटी’, ‘माउस पॉइंटर अँड टच’ असं जा. आकाराची पट्टी १ ते १५ अशी आहे. खाली हवा तो रंग निवडता येतो. जोडणीचं सॉफ्टवेअर फार जुनं असेल तर ते अपडेट करा, कारण ३२ पिक्सेलपेक्षा मोठा बाण पाठवायची सोय नंतर आली, आधी ९६ आणि मग ३८४ पिक्सेलपर्यंत.

खरा छळ मात्र बाणाचा नसतो, त्या उभ्या रेघेचा असतो. नेहमीच्या रेघेला स्वतःचा रंगच नाही. ती खालच्या पिक्सेलचा रंग उलटवते. पांढऱ्यावर काळी, काळ्यावर पांढरी. कल्पना झकास आहे, पण मधल्या करड्या रंगावर ती फसते. १२८ उलटवला की १२७ होतो, आणि एवढा फरक कुणाच्याही डोळ्यांना कळणार नाही. शिवाय काही रिमोट सॉफ्टवेअरना हे उलटवणं जमत नाही. ती सरळ काळी रेघ काढतात. गडद रंगाच्या एडिटरमध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्यांची रेघ गायब होते ती बऱ्याचदा यामुळे. अशा वेळी ‘इनव्हर्टेड’ हा पर्याय मी तरी निवडणार नाही. पिवळा किंवा हिरवा असा पक्का रंग द्यावा. नाहीतर कंट्रोल पॅनेलमध्ये ‘माउस’, ‘पॉइंटर्स’ उघडून ‘टेक्स्ट सिलेक्ट’साठी ‘बीम_आर’ ही फाइल निवडावी. ती विंडोजच्या ‘कर्सर्स’ फोल्डरमध्येच असते.

व्हीएनसी या दुसऱ्या प्रकारच्या रिमोट जोडणीचं तंत्र जरा निराळं. टाइटव्हीएनसीच्या व्ह्यूअरमध्ये कधीकधी बाणाबरोबर एक ठिपकाही दिसतो आणि लोक तो बिघाड समजतात. ठिपका म्हणजे तुमचा हात आत्ता कुठे आहे ते. बाण म्हणजे दूरच्या मशीनला जे कळलं ते. जोडणी मंद असली की दोघांत अंतर पडतं. पर्यायांमध्ये ठिपक्याऐवजी साधा बाण घेता येतो, किंवा दूरचा कर्सर इथल्या इथे रंगवायला सांगता येतं. दुसरा पर्याय बहुधा सोयीचा.

परदेशातला मुलगा सांगलीतल्या आईच्या संगणकात शिरून काही दुरुस्त करतो, तेव्हा अडचण उलटी असते. माउस आई हलवते आणि मुलाला ते दिसायला हवं. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांत दूरचा कर्सर दाखवण्याचा पर्याय वेगळा असतो. तो मुलाने आपल्या बाजूला चालू करायचा. आईला काही करावं लागत नाही.