वादळ येतंय, घरी फोन करून काय सांगाल?

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावं अनेक दिवस अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये 'तौक्ते' कोकण किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं. अरबी समुद्रात वादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. नेमके आपले परीक्षा आणि सबमिशनचे दिवस! म्हणजे आपण हॉस्टेलवर आणि घरी आई-बाबा, नाहीतर एकटी आजी. अशा वेळी "काळजी घ्या" एवढं बोलून भागत नाही. नेमकं काय करायचं ते सांगावं लागतं.

आधी थोडं आपलं इंजिनिअरिंग. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग ६० वरून १२० झाला तर दाब दुप्पट नाही, चौपट! ताशी १२० किलोमीटरला तो चौरस मीटरला साधारण ६८ किलो भरतो. दहा फूट बाय साडेतीन फुटाच्या एका पत्र्यावर दोनशे किलोच्या वर जोर आला. शिवाय छपरावरून जाणारा वारा पत्र्याला खाली दाबत नाही, वर ओढतो. त्यामुळे छप्पर कोसळण्याऐवजी उडतं, आणि सुरुवात बहुधा कडेपासून होते. पत्र्यावर नुसते दगड ठेवून उपयोग नाही, उलट तेच दगड खाली कोणाच्या तरी डोक्यात पडतील. जे-बोल्ट आवळून घ्या, कडेचे पत्रे वाशांना तारेने बांधा.

"खिडक्या उघड्या ठेवल्या की दाब सारखा होतो" हा समज चुकीचा आहे. वारा आत शिरला की छपराला आतूनही वर ढकलतो. तेव्हा दारं-खिडक्या घट्ट बंद!

हवामान खातं साधारण ४८ तास आधी पिवळा आणि २४ तास आधी केशरी इशारा देतं. पिवळा इशारा मिळाला की कामाला लागायचं :

* घरावर झुकलेल्या फांद्या, सुकलेल्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवून घ्या. अंगणातल्या कुंड्या, बादल्या, सुटे पत्रे आत न्या.
* वीज गेली की पंप बंद. म्हणून पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर, असं निदान तीन दिवसांचं भरून ठेवा. वापरायचं पाणी वेगळं.
* सातबारा, रेशनकार्ड, आधार, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. बीपी-शुगरची औषधं आठवड्याची आणून ठेवा.
* टॉर्च, सेल, सेलवरचा रेडिओ जवळ असू द्या. मोबाईलचे टॉवर बंद पडतात, रेडिओ चालू राहतो.
* गुरांची दावी सोडा. गोठा कोसळला तर बांधलेलं जनावर पळू शकत नाही.

वादळ सुरू झालं की मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करा. घर कौलारू असेल तर आधीच शेजारच्या स्लॅबच्या घरात किंवा शाळेत जा. स्थलांतराचा हुकूम आला तर "आमचं घर मजबूत आहे" असा वाद नको.

सगळ्यात फसवी वेळ म्हणजे मधली शांतता. वादळाचा डोळा डोक्यावर आला की वारा एकदम पडतो. माणसं नुकसान बघायला बाहेर येतात, आणि थोड्याच वेळात उलट्या दिशेने तितकाच वारा सुटतो. रेडिओवर "वादळ पुढे गेलं" असं ऐकेपर्यंत आतच थांबायचं. नंतरही पडलेल्या तारेला हात लावायचा नाही.

आणि एक काम आजच करा. घराशेजारच्या दोन माणसांचे नंबर वहीत लिहून घ्या. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे. घरचा फोन लागेनासा झाला की हीच वही कामाला येईल.